घराचा विमा : भिंतींचा, भांड्यांचा की बँकेचा?

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी पळायलाच बघत होते. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी माझी घरात बोलायची भाषा, लिहायची नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर आधीच माफी मागते. पण गेले काही महिने आमच्या घरात आणि सोसायटीत एकाच विषयावर इतकं डोकं चाललंय, की तोच लिहून काढावा म्हटलं. विषय आहे घराचा विमा. पान उलटू नका प्लीज! आरसीसीच्या वायव्हापेक्षा सोपं आहे.

२६ जुलै २००५ ला आई पाच महिन्यांची गरोदर होती. मीच होते ते. भाईंदर पूर्वेला तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात आई-बाबा राहत होते, आणि गुडघाभर पाण्यातून बाबांनी तिला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेलं. ही गोष्ट दर पावसाळ्यात एकदा तरी ऐकावी लागतेच. २०१४ मध्ये कर्ज काढून स्वतःचा फ्लॅट घेतला, तोही तळमजल्यावरच, कारण तो स्वस्त होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई आणि ठाणे जिल्ह्यात तो जोराचा पाऊस झाला, तेव्हा आमच्याकडे वीतभर पाणी शिरलं. वीतभर म्हणजे काही नाही असं वाटेल. पण फ्रीजचा कॉम्प्रेसर खालीच असतो, प्लायवूडचं कपाट खालूनच फुगतं आणि दिवाणातल्या गाद्या तर पाणी पिऊनच घेतात.

बाबा मात्र शांत होते. "अगं, लोन घेताना बँकेनं इन्शुरन्स घ्यायला लावलाय," असं म्हणत त्यांनी फाईल काढली. आम्ही दोघांनी बसून ती पहिल्यांदा वाचली. तो बाबांच्या आयुष्याचा विमा निघाला. बाबांना काही झालं असतं तर उरलेलं कर्ज फिटलं असतं. घराला, फ्रीजला, गादीला काही झालं तर एक रुपया नाही. अकरा वर्षं आमच्या घरात सगळे समजत होते की घराचा विमा आहे. (बँकेचं नाव लिहीत नाही. सही करताना कागद वाचला नाही हा दोष आमचाही होताच.)

तेव्हा पहिला मुद्दा हाच. कर्जाबरोबर येणारा 'लोन प्रोटेक्शन' वगैरे नावाचा विमा म्हणजे बहुतेक वेळा आयुर्विमा असतो. वाईट नाही, पण तो माणसावर असतो, घरावर नसतो. काही बँका गहाण मालमत्तेचाही विमा घ्यायला सांगतात, तो वेगळा. त्यात बँकेचं नाव घातलेलं असतं, आणि नुकसान झालं तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा लागतो. घरी गेल्यावर आई-बाबांना दोन प्रश्न विचारा : पॉलिसीवर कुणाचं नाव आहे, आणि 'नुकसान' या शब्दासमोर काय लिहिलंय, मृत्यू की आग-पूर?

आता खऱ्या घराच्या विम्याकडे येऊ. त्याचे दोन तुकडे असतात. एक इमारतीचा, म्हणजे भिंती, स्लॅब, दारं-खिडक्या, वायरिंग, बाथरूममधलं कायमचं बसवलेलं सामान. दुसरा आतल्या वस्तूंचा, म्हणजे फ्रीज, टीव्ही, कपडे, फर्निचर. घर उचलून उलटं केलं तर जे खाली पडेल ते सामान, जे चिकटून राहील ती इमारत. (ही व्याख्या माझी आहे, परीक्षेत लिहू नका.) दोन्ही एकत्र घेता येतात किंवा एकच घेता येतो. भाड्यानं राहणाऱ्यानं भिंतींचा विमा काढायचं कारण नाही, तो घरमालकाचा प्रश्न. पण सामान त्याचं स्वतःचं असतं, त्यामुळे फक्त सामानाचा विमा भाडेकरूही काढू शकतो. मीरा रोडला एका फ्लॅटमध्ये चौघं-पाचजण मिळून राहतात, त्यांना हे कुणी सांगतच नाही.

१ एप्रिल २०२१ पासून भारतात राहत्या घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठरावीक पॉलिसी आहे. विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ती आखून दिली आणि आग वगैरेंचा विमा विकणाऱ्या सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ती ठेवावी लागते. मूळ मजकूर सगळीकडे एकच, त्यामुळे तुलना करणं सोपं झालंय. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, त्सुनामी, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य, झाड किंवा गाडी येऊन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात आधीपासूनच असतं. इमारतीचा विमा घेतला की सामानाचा विमाही आपोआप मिळतो : इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आणि तेही वस्तूंची यादी न देता. त्याहून जास्त हवं असेल तर यादी द्यायची. दागिने आणि कलावस्तूंसाठी वेगळं कव्हर असतं, त्यात किंमत आधीच ठरवून घेतात. शिवाय घरावरच्या अशाच संकटात पॉलिसीधारक किंवा त्याचा जोडीदार दगावला तर प्रत्येकी ५ लाखांचं अपघाती कव्हरही जोडता येतं. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडं मिळतं, आणि राडारोडा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते.

याच्या आधी काय होतं ते मला आमच्या सोसायटीच्या कपाटात कळलं, आणि तीच या लेखातली सगळ्यात मजेशीर (म्हणजे रडवणारी) गोष्ट आहे. पाणी ओसरल्यावर सेक्रेटरी काका म्हणाले, सोसायटीची पॉलिसी होती की! शोधाशोध केली तर २०१६ ची एक पॉलिसी सापडली. पुढे कुणी नूतनीकरणच केलं नव्हतं, म्हणजे तसाही उपयोग शून्य. पण मी ती कुतूहल म्हणून वाचली. नाव होतं स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स. २०२१ पूर्वी घरांनाही हीच चालायची. तिच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती : एसटीएफआय डिलीटेड.

एसटीएफआय म्हणजे स्टॉर्म, टेम्पेस्ट, फ्लड, इनन्डेशन. वादळ आणि पूर! जुन्या पॉलिसीत हा भाग काढून टाकला की हप्ता थोडा कमी व्हायचा. कुणीतरी कधीतरी, बहुधा हप्ता कमी बसावा म्हणून, भाईंदरमधल्या इमारतीच्या विम्यातून पाणी वगळलं होतं. भूकंप तर त्या पॉलिसीत मुळातच जास्तीचे पैसे भरून जोडावा लागायचा, तोही जोडलेला नव्हता. म्हणजे उरली आग. खाडी उत्तरेला, समुद्र पश्चिमेला, मध्ये मिठागरं, आणि आम्ही विमा काढला आगीचा! कमिटीतल्या कुणालाच त्या चार अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता. सेक्रेटरी काकांना तर वाटत होतं की तो एजंटचा कोड आहे.

'भारत गृह रक्षा'त पूर आणि भूकंप आतच असल्यामुळे हा घोळ आता होणार नाही. पण घरी जुने कागद असतील तर तारीख बघा. आणि हो, ही पॉलिसी घरांसाठी आहे. दुकानाला, गाळ्याला ती चालत नाही. छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, त्यात ५ कोटींपर्यंतची मालमत्ता बसते. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात घरं आणि बाजारपेठ दोन्ही पाण्यात गेली होती. आपल्याकडच्या कोकणातल्या मुलांनी घराचे आणि दुकानाचे कागद वेगवेगळे तपासा.

आता रक्कम किती ठेवायची? इथे सगळे चुकतात, बाबाही चुकले. फ्लॅट ६० लाखांचा म्हणून विमा ६० लाखांचा, असं नसतं. जमीन जळत नाही आणि वाहूनही जात नाही. विमा फक्त पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो : कार्पेट एरिया गुणिले त्या भागातला बांधकामाचा दर. समजा ४५० चौरस फूट आणि दर धरला २,५०० रुपये, तर ११ लाख २५ हजार झाले. आपोआप मिळणारं सामानाचं कव्हर याच्या २० टक्के, म्हणजे सव्वादोन लाख. आमच्या घराचं कोटेशन आलं तेव्हा वर्षाचा हप्ता हजाराच्या आत होता. कॅन्टीनचं माझं महिन्याचं बिल याच्यापेक्षा जास्त आहे.

जुन्या पद्धतीत कमी रकमेचा विमा काढणाऱ्याला एक छुपी शिक्षा होती. बांधायचा खर्च १२ लाख, पण तुम्ही विमा काढला ६ लाखांचा, म्हणजे निम्माच. नुकसान झालं २ लाखांचं. तुम्हाला वाटणार, २ लाख ६ लाखांच्या आत आहेत, पूर्ण मिळतील. नाही! कंपनी म्हणायची, तुम्ही निम्माच विमा काढलात, निम्मंच नुकसान घ्या : १ लाख. 'भारत गृह रक्षा'त ही कपात काढून टाकली आहे. माहिती खरी दिली असेल तर २ लाखांचे २ लाख मिळतात. फक्त ६ लाखांच्या वर मिळणार नाही. म्हणून फॉर्मवर कार्पेट एरिया बरोबर लिहा. बिल्डरनं सांगितलेला सुपर बिल्ट-अप नाही!

आता काय मिळत नाही ते. खरं तर हाच भाग आधी वाचायला हवा, आपण उलटं करतो.

चोरी. या पॉलिसीत चोरी धरतात ती फक्त आग-पुरासारखी घटना घडल्यावर, तिच्यामुळेच आणि सात दिवसांच्या आत झालेली. गणपतीला सगळी बिल्डिंग कुलूप लावून गावी जाते आणि मागे घरफोडी होते, ती यात नाही. त्यासाठी 'हाउसहोल्डर्स पॅकेज' किंवा तत्सम नावाची पॉलिसी लागते. तिच्यात विभाग असतात : आग, घरफोडी, दागिने, उपकरणं बिघडणं, बाहेर नेलेल्या वस्तू, आपल्यामुळे शेजाऱ्याचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी. हवे ते विभाग घ्यायचे, नको ते सोडायचे. हिचा मजकूर कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून इथे मात्र दोन-तीन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. घरफोडी म्हणजे सहसा कुलूप तोडून, जबरदस्तीनं शिरणं. उघड्या दारातून मोबाईल गेला तर ती वेगळी चोरी, ती धरली आहे का ते विचारा.

हॉस्टेलवाल्यांसाठी : तुमचा लॅपटॉप घरच्या पॉलिसीत येतो का? बहुतेक नाही. घरचं सामान म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्यावरचं सामान. लॅपटॉप हॉस्टेलच्या खोलीत, लायब्ररीत, विरार लोकलमध्ये फिरतो. तो पॅकेजमध्ये 'पोर्टेबल' किंवा 'ऑल रिस्क' विभागात, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा लागतो. नाहीतर बिल जपून ठेवा आणि देवाचं नाव घ्या.

गाड्या. घराच्या विम्यात गाडी येत नाही, खाली पार्किंगमध्ये उभी असली तरी. तिचा मोटार विमा वेगळा, आणि नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचे पैसे नाहीत. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : पाण्यात बुडालेली गाडी 'बघू चालू होते का' म्हणून स्टार्ट करू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणते हे पुरानं नाही, तुम्ही केलंत. आमच्या बाजूच्या विंगमधल्या दादानं नेमकं हेच केलं होतं.

गळती. पाइप अचानक फुटला तर भरपाई मिळते. वरच्यांच्या बाथरूममधून तीन वर्षं झिरपून छताला आलेली बुरशी नाही. हळूहळू होणारी झीज, ओल, गंज यात बसत नाही. जून महिन्यातलं अर्ध्या भाईंदरचं भांडण विमा सोडवू शकत नाही, त्याला वॉटरप्रूफिंगवालाच लागतो.

आणि आता मी सिव्हिलची म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. जमीन खचणं आणि दरड कोसळणं पॉलिसीत आहे, पण त्याच्या अपवादांत काही ओळी आहेत. नव्या बांधकामाला बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा नाहीत. सदोष डिझाईन, वाईट कारागिरी, निकृष्ट माल यामुळे झालेलं नुकसान नाही. किनारा किंवा नदीकाठ झिजून झालेलं नाही. खोदकाम, पाडकाम, रचनेत बदल यामुळे झालेलं नाही. आणि भरावाची जमीन बसल्यामुळे किंवा सरकल्यामुळे झालेलंही नाही.

भरावाची जमीन! आपल्या शहराचा मोठा भाग खाडीकाठच्या दलदलीवर, शेतांवर माती टाकूनच उभा राहिला आहे. जुन्या लोकांना विचारा, कुठे पाणी होतं आणि कुठे वाट ते हात करून दाखवतात. सॉइल मेकॅनिक्समध्ये आपण कन्सॉलिडेशन शिकतो ना, मऊ चिकणमातीतलं पाणी वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं आणि वरचं ओझं खाली बसत जातं, तेच. पाइलवर उभी इमारत जागची हलत नाही, पण भोवतीचा भराव बसतो आणि प्लिंथ संरक्षणाची फरशी, कंपाउंडची भिंत, ड्रेनेजचे पाइप तुटतात. आमच्या सोसायटीत गेटपाशी अशी फट आहे की माझी पट्टी आत जाते. त्याचे पैसे विमा कंपनी देणार नाही, आणि पॉलिसीत ते स्पष्ट लिहिलंय, म्हणजे भांडूनही उपयोग नाही.

तसंच इमारत आपणहून कोसळणं. ऑगस्ट २०२५ मध्ये खाडीपलीकडे विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग पडून १७ माणसं गेली. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पडली, ७४ गेले. पॉलिसीतल्या संकटांच्या यादीत 'आपणहून कोसळणं' नावाचं संकट नाही. पूर, भूकंप, स्फोट असं कारण लागतं. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिटची जागा विमा घेऊ शकत नाही. आपल्या राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. आमची इमारत २८ वर्षांची आहे. किती ऑडिट झाली ते विचारू नका.

याच उपविधींत सोसायटीनं इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढला पाहिजे असंही सांगितलंय. (पाण्याचा उल्लेख नाही, गंमत आहे.) सोसायटीची पॉलिसी असली तर आपली वेगळी कशाला? माझं मत असं. इमारत एकच आहे, तिचे खांब, जिना, टाकी, मीटर रूम, कंपाउंड सगळ्यांचं, तर तिचा विमा सोसायटीनंच एकत्र काढावा. प्रत्येकानं आपल्या चार भिंतींचा वेगळा काढला तर मधला जिना कुणाचाच राहत नाही. मग प्रत्येकानं आपल्या सामानाचा तेवढा काढावा. दोन्हीकडे भिंती धरल्या तरी नुकसानापेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत, दोन कंपन्या मिळून तेवढेच देतात. फक्त सोसायटीनं रक्कम साध्या फरशीच्या हिशोबानं धरली असेल आणि तुम्ही आत इटालियन मार्बल लावला असेल, तर स्वतःची जोड पॉलिसी बघा. आमच्याकडे कोटा आहे, चिंता नाही.

दावा करायची वेळ आली तर : लगेच कंपनीला कळवा, पाण्याची खूण भिंतीवर दिसतेय तोवर फोटो काढा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत खराब सामान भंगारवाल्याला देऊ नका. आईनं दुसऱ्याच दिवशी गाद्या फेकल्या होत्या. वासाला ती तरी काय करणार! चोरी असेल तर एफआयआर, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला. कंपनीनं नाकारलं तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात.

तर आमच्या सोसायटीचं काय झालं? विशेष सभा झाली. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पाणी तळमजल्यावर येतं, आम्ही वरच्यांनी का भरायचं?" दोन मिनिटं कुणी बोललं नाही. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नव्हतं. मग पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, मीटर रूम कुठे आहे? पंप कुठे आहे? ऑगस्टमध्ये तीन दिवस बादल्या घेऊन कोण उतरत होतं खाली?" काका स्वतःच उतरत होते.

ठराव झाला. सोसायटीनं इमारतीची 'भारत गृह रक्षा' घ्यायची, हप्ता मेन्टेनन्समध्ये, सगळ्यांना क्षेत्रफळाप्रमाणे. तीन कंपन्यांची कोटेशन मागवली आहेत. ऑडिटचा विषय मात्र 'पुढच्या सभेत' गेला, तिथे माझं काही चाललं नाही. कार्पेट एरियाचे आकडे कुणाचेच जुळत नव्हते, म्हणून या रविवारी सव्वीस फ्लॅट मोजायचं काम माझ्याकडे आलंय. सर्व्हे लॅबची टेप मिळेल का, सर?